मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह... पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय निवडताना सल्ला द्यायचा कुणी?

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या प्रवेश खिडक्यांसमोर रांगा लागतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारला जायचा, आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? एकदा शाखा ठरली की पुढचं बहुतेक सगळं महाविद्यालयच ठरवायचं.

आता अर्जावर पर्यायांची यादीच समोर येते. मेजर कोणता? मायनर कोणता? ओपन इलेक्टिव्ह कोणतं? व्हीएससी, एसईसी, व्हीईसी यांपैकी काय? अनेक विद्यार्थी हा अर्ज सायबर कॅफेत भरतात. मागे रांग असते, शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि ‘मित्राने जे घेतलं तेच टाका’ असं सांगून विषय निवडले जातात.

या पाच-दहा मिनिटांत घेतलेल्या निर्णयाचा परिणाम पुढची तीन-चार वर्षं राहतो. हा निर्णय नेमका काय असतो, तो चुकला तर काय बिघडतं आणि तो घ्यायला मदत करण्याची जबाबदारी कुणाची, हे समजून घेऊ.

नेमकं काय बदललं?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पदवी अभ्यासक्रमांसाठी श्रेयांक आराखडा जाहीर केला.

महाराष्ट्रात या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. नितीन करमळकर यांच्या अध्यक्षतेखाली सुकाणू समिती नेमण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांमध्ये २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. मार्च २०२४ मध्ये या रचनेत सुधारणाही करण्यात आल्या.

या बदलाचा आवाका मोठा आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयांच्या संख्येत उत्तर प्रदेशनंतर महाराष्ट्राचा देशात दुसरा क्रमांक लागतो. त्यात मुंबईतली शंभर-दीडशे वर्षं जुनी महाविद्यालयं आहेत, तशीच तालुक्याच्या गावी दोन-तीन विभागांवर चालणारीही आहेत. रचना मात्र सगळ्यांसाठी सारखीच आहे.

श्रेयांकाचं गणित कसं असतं?

श्रेयांक म्हणजे क्रेडिट. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचं अध्यापन. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर एका श्रेयांकासाठी आठवड्याला एक तास लागतो. प्रात्यक्षिकाचा हिशेब वेगळा आहे. तिथे एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन तास द्यावे लागतात.

महाराष्ट्रात प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक घ्यायचे असतात. समजा, विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थिनीने २२ श्रेयांक घेतले आणि त्यातले ६ प्रात्यक्षिकाचे आहेत. मग तिचे आठवड्याला थिअरीचे १६ आणि प्रात्यक्षिकाचे १२, असे एकूण २८ तास होतात. स्वतःचा अभ्यास, असाइनमेंट आणि प्रवास यांचा वेळ यात धरलेला नाही.

शहरात वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला हे जमून जातं. रोज एसटीने ३० किलोमीटर येणाऱ्या किंवा दुपारी दुकानात काम करणाऱ्या मुलाला तेवढेच तास जड जातात. म्हणूनच विषयांची निवड आवडीपुरती नसते, वेळेचाही हिशेब करावा लागतो.

अर्जावरच्या कप्प्यांचा अर्थ काय?

- मेजर : मुख्य विषय. पदवीवर ओळख याच विषयाची. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी किमान ६० मेजरचे आहेत.
- मायनर : दुय्यम विषय. तो स्वतःच्या विद्याशाखेतला असू शकतो किंवा दुसऱ्या विद्याशाखेतलाही.
- ओपन इलेक्टिव्ह : महाराष्ट्रातल्या रचनेत हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे वाणिज्यच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्या किंवा विज्ञानाकडे वळावं लागतं.
- व्हीएससी आणि एसईसी : कौशल्याचे अभ्यासक्रम. पहिला मेजरशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य देतो, दुसरा सर्वसाधारण उपयोगाचं कौशल्य.
- एईसी : भाषा आणि संवादक्षमता.
- व्हीईसी : पर्यावरण, संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे विषय.
- आयकेएस : भारतीय ज्ञान परंपरा.
- ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट, सीईपी : प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडलेला उपक्रम.
- सीसी : एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम. पूर्वी यांना ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ म्हटलं जायचं. आता त्यांनाही श्रेयांक आहेत.

विद्यापीठागणिक तपशील बदलतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवतात आणि त्यातला मेजर कोणता, हे दुसऱ्या वर्षी ठरतं. काही ठिकाणी मेजर सुरुवातीलाच ठरवावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठात शिकणाऱ्या भावाचा किंवा मैत्रिणीचा अनुभव जसाच्या तसा लागू पडेल, याची खात्री नसते.

निवड चुकली तर काय बिघडतं?

ओपन इलेक्टिव्ह मनासारखं मिळालं नाही, तर फार काही बिघडत नाही. एक-दोन सत्रं कंटाळवाणी जातात. मेजर-मायनरच्या जोडीचं तसं नाही.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रात पुढे जायचं आहे. बारावीला गणित अवघड गेलं म्हणून पहिल्या वर्षी त्याने गणित टाळलं आणि सोपे वाटणारे दोन विषय घेतले. पहिलं वर्ष सुरळीत पार पडलं. पण भौतिकशास्त्र जसजसं पुढे जातं तसतसं ते गणिताच्या भाषेत बोलू लागतं. कलनशास्त्राची तयारी नसेल तर तिसऱ्या वर्षाचे पेपर डोंगराएवढे वाटू लागतात. गणित आधी करून घ्यायला हवं होतं, हे तोवर उशिरा कळलेलं असतं.

दुसरा मुद्दा पदव्युत्तर प्रवेशाचा. यूजीसीने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार पदवीला मेजर किंवा मायनर असलेल्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. म्हणजे मायनर ही दुसरी दारवाट आहे. इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असलेल्या विद्यार्थिनीपुढे दोन्ही रस्ते राहतात. पण मायनर निव्वळ ‘वेळापत्रकात बसतंय’ म्हणून घेतलं असेल, तर ही दारवाट असून नसल्यासारखी. त्यातही प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या असतात, त्या पाहाव्याच लागतात.

तिसरा मुद्दा महाविद्यालय बदलण्याचा. श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या डिजिटल खात्यात श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पण बँकेत जमा असलेले श्रेयांक नव्या महाविद्यालयात नेमक्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरायचे, हे ठरवावं लागतं. ते जुळले नाहीत, तर खात्यात शिल्लक असूनही विषय पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

एक वर्षाने बाहेर पडता येतं, मग काळजी कशाची?

नव्या रचनेतला सर्वाधिक चर्चेतला भाग म्हणजे ‘मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट’. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशी ही पायऱ्यांची रचना आहे.

मात्र पहिलं वर्ष उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आपोआप हातात पडत नाही. बाहेर पडायचं असेल तर वर्षाच्या श्रेयांकांशिवाय चार श्रेयांकांचा व्यावसायिक स्वरूपाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परतता येतं आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रमाणपत्र किंवा पदविका ही पदवी नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी, राज्यसेवेसाठी आणि ‘पदवीधर’ अशी अट असलेल्या प्रत्येक नोकरीसाठी पूर्ण पदवीच लागते. घरची अडचण म्हणून एका वर्षाने शिक्षण थांबवणाऱ्या मुलाला पूर्वी ‘ड्रॉपआउट’ म्हणायचे, आता त्याच्या हातात एक कागद असेल. तो कागद बाजारात किती चालतो, हे नोकरी देणारे ठरवणार. परतीचं दार उघडं आहे, पण त्याला मुदत आहे, हे त्याला बाहेर पडतानाच कुणीतरी सांगायला हवं.

चौथं वर्ष करायचं की नाही?

हा निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यायचा असला, तरी त्याची तयारी पहिल्या वर्षापासून लागते. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. एक ऑनर्स आणि दुसरा संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या प्रकारासाठी यूजीसीने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुणांची अट घातली आहे. म्हणजे पहिल्या सत्रातले गुणही मोजले जातात. ‘पहिलं वर्ष काय, असंच निघून जातं’ हा कॅन्टीनमधला जुना सल्ला इथे महागात पडतो.

चार वर्षांची पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं, तीन वर्षांची घेतली तर दोन वर्षांचं. दोन्ही मार्गांनी एकूण वर्षं पाचच होतात. फरक इतकाच, की चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी पात्र ठरता येतं. ज्यांना लवकर नोकरी हवी आहे, त्यांच्यासाठी तीन वर्षांची पदवी पूर्वीइतकीच पूर्ण आहे.

मग सल्ला देण्याची जबाबदारी कुणाची?

कागदावर व्यवस्था आहेत. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा नवागत विद्यार्थ्यांसाठीचा प्रवेशारंभ कार्यक्रम सुचवला. त्यात प्रत्येक विद्यार्थी एखाद्या शिक्षक मार्गदर्शकाशी जोडला जावा, अशी कल्पना आहे. नॅकच्या मूल्यांकनातही मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारलं जात आलं आहे. त्यामुळे बहुतेक महाविद्यालयांत ‘मेंटॉर-मेंटी’ची फाइल सापडते.

अडचण फाइलच्या पुढे सुरू होते.

पहिली अडचण वेळेची. विषय निवडायचे असतात प्रवेशाच्या वेळी आणि मार्गदर्शक मिळतो प्रवेशानंतर. दीक्षारंभ होईपर्यंत अर्ज भरून, शुल्क भरून झालेलं असतं. औषध घेऊन झाल्यावर डॉक्टर भेटावा, तसा हा प्रकार.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. आपल्याकडे ‘शैक्षणिक सल्लागार’ असं स्वतंत्र पदच नाही. हे काम प्राध्यापकांनी शिकवणं, पेपर तपासणं, प्रवेश समिती आणि मूल्यांकनाची कागदपत्रं सांभाळून करायचं असतं. अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. ज्यांना तासापुरतं मानधन मिळतं आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसतं, त्यांच्याकडून विद्यार्थ्याच्या चार वर्षांच्या नियोजनाची अपेक्षा कशी करायची?

तिसरी अडचण क्वचितच उघडपणे बोलली जाते. एखाद्या विषयाला किती विद्यार्थी आले, यावर त्या विभागाचा कार्यभार ठरतो आणि कार्यभारावर शिक्षकांची पदं. मेजर-मायनरच्या निवडीमुळे विभागांमध्ये विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा निर्माण होते. अशा वेळी ‘आमचाच विषय घे’ हा सल्ला विद्यार्थ्याच्या हिताचा आहे की विभागाच्या, हे अठरा वर्षांच्या मुलाने कसं ओळखायचं? यात शिक्षकांचा हेतू वाईट असतो असं नाही. पण ज्याचं पद निवडीवर अवलंबून आहे, त्यालाच तटस्थ सल्लागार मानणं व्यवस्था म्हणून चुकीचं आहे.

गावातल्या महाविद्यालयात निवड उरते का?

ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे, तिथे विद्याशाखेबाहेरचं ओपन इलेक्टिव्ह शिकवायचं कुणी? अशा ठिकाणी जो शिक्षक उपलब्ध आहे त्याला जमेल तो विषय दिला जातो आणि सगळा वर्ग तोच ‘निवडतो’. यादीत वीस पर्याय असतात, वेळापत्रकात एक.

यावर एक उपाय म्हणजे ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून करता येतात. मात्र त्याचे श्रेयांक पदवीत धरून घ्यायचे तर महाविद्यालय आणि विद्यापीठाची आधी मान्यता लागते. विद्यार्थ्याने स्वतःहून अभ्यासक्रम पूर्ण केला आणि नंतर तो धरलाच गेला नाही, असं होऊ नये यासाठी पुन्हा तोच सल्ला देणारा माणूस हवा.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. आई-वडील शिकलेले असतील, घरात कुणी प्राध्यापक असेल, तर मुलाला हे बारकावे जेवणाच्या ताटावर कळतात. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीकडे विचारायला कुणी नसतं. पर्याय वाढले आणि मार्गदर्शन तेवढंच राहिलं, की आधीची दरी आणखी रुंद होते.

सल्ल्याने खरंच फरक पडतो?

याचं एक चांगलं उदाहरण न्यूयॉर्क शहरातलं आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. या कॉलेजांत मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतले विद्यार्थी येतात.

कार्यक्रमात सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी होते. एरवी हीच संख्या ६०० ते १,५०० च्या घरात होती. सल्लागाराला नियमित भेटणं बंधनकारक होतं. जोडीला शिकवणी, शुल्कातला फरक भरून देणं आणि मोफत प्रवास पासही होता. ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून याचा अभ्यास केला. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण इतर विद्यार्थ्यांमध्ये सुमारे २२ टक्के, तर कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांमध्ये सुमारे ४० टक्के निघालं.

हा फरक एकट्या सल्ल्याचा नाही, पास आणि शुल्क सवलतीचाही त्यात वाटा आहे. न्यूयॉर्कचा खर्च महाराष्ट्राला परवडेल असंही नाही. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. विद्यार्थी अर्ध्यावर थांबतो तेव्हा कारण दरवेळी त्याची बुद्धी किंवा मेहनत नसते. कधी बसचं भाडं असतं, कधी चुकीचा विषय, तर कधी वेळेवर न मिळालेली माहिती.

महाराष्ट्रात काय करता येईल?

यातल्या काही गोष्टींना फार पैसा लागत नाही. विषयांची यादी अर्ज सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करणं आणि त्यात ‘यंदा प्रत्यक्षात शिकवले जाणारे विषय’ वेगळे दाखवणं. प्रत्येक मेजरसोबत ‘हा विषय पुढे न्यायचा तर पहिल्या वर्षी काय घ्यावं’ याचं एक पान मराठीत देणं. पहिल्या सत्रात ठरावीक मुदतीपर्यंत विषय बदलण्याची मुभा ठेवणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या काळात मदत कक्षावर बसवणं आणि ज्या कामांसाठी श्रेयांक मिळतात त्यात ते काम मोजणं.

याउलट प्रशिक्षित, कोणत्याही विभागाशी बांधील नसलेला सल्लागार नेमायचा तर पद आणि निधी लागेल. प्रत्येक लहान महाविद्यालयाला तो शक्य नसेल, तर तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांत मिळून एक असू शकतो.

तोपर्यंत विद्यार्थ्याने काय विचारावं?

अर्ज भरण्याआधी या प्रश्नांची उत्तरं महाविद्यालयाकडून, शक्य असल्यास लेखी, मिळवायला हवीत.

१. यादीतले कोणते विषय यंदा प्रत्यक्षात शिकवले जाणार आहेत? किमान विद्यार्थीसंख्येची अट आहे का?

२. मेजर आत्ताच ठरतो की दुसऱ्या वर्षी? नंतर बदलता येतो का, कधीपर्यंत?

३. या मेजर-मायनरवर ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचं आहे, त्याच्या प्रवेशाच्या अटी काय आहेत?

४. आठवड्याचे एकूण तास किती? प्रात्यक्षिकं कोणत्या वेळेत असतात?

५. स्वयम् चे कोणते अभ्यासक्रम धरले जातात आणि परवानगी कुणाकडून घ्यायची?

६. मध्येच थांबावं लागलं तर प्रमाणपत्रासाठी काय करावं लागेल? परत येताना महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीवर परिणाम होईल का?

७. ॲकॅडमिक बँकेच्या खात्यात प्रत्येक सत्राचे श्रेयांक जमा झाले का, हे कुठे तपासायचं?

सातही प्रश्नांची उत्तरं प्रवेश खिडकीवर लगेच मिळतील असं नाही. एखाद्या प्रश्नावर कर्मचारी ‘सरांना विचारा’ म्हणतील, सर ‘विद्यापीठाचं परिपत्रक अजून यायचंय’ म्हणतील. तरीही विचारायला हवं. ज्या प्रश्नाचं उत्तर जूनमध्ये खिडकीवर मिळत नाही, तोच प्रश्न तिसऱ्या वर्षी निकालपत्र हातात घेऊन विचारावा लागतो. तेव्हा विषय बदलण्याची मुदत संपलेली असते.